बागेतून रानात गेलेली घाणेरी

पाटणच्या नाहीतर शिराळ्याच्या डोंगरउतारावर अंगाला ओरखडे काढणारी घाणेरी, म्हणजेच टणटणी, आपल्याला इथल्याच रानची वाटते. पण ती मूळची अमेरिका खंडातली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती आणली, ती निव्वळ शोभेसाठी. उमलताना पिवळी अन् मग गुलाबी-तांबडी होणारी फुले पाहून साहेबलोकांनी बंगल्याच्या कुंपणाला लावली. पुढचे काम बुलबुलांनी केले! काळी फळे खायची, बी रानोरान टाकायचे. पिकलेली फळे लहानपणी आम्हीही खाल्ली. परंतु तिचा पाला गुरांना विषारी. ती सहसा तोंड लावीत नाहीत. गवत शोधतात, आणि गवत तर तिच्याच जाळीखाली खुंटलेले. कोयत्याने तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. फळ धरण्याआधी मुळासकटच खणून काढावी लागते.