वर्गणी भरून वाचलेली जाहिरात

गिऱ्हाइकाला पत्र धाडून माल विकायचा, तर आधी पत्र स्वस्तात पोचायला हवं. ती सोय १८५४ साली झाली. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात, मग ते मुंबईहून ठाण्याला जावो की पेशावरला! १८७७ मध्ये व्हीपी सुरू झाली. वस्तू पोस्टमनच्या हातून मिळू लागली आणि पैसेही त्याच्याच हाती द्यायचे. दोन वर्षांत पाव आण्याचं कार्ड आलं. दुकान मुंबईत आणि गिऱ्हाईक खेड्यात, असा धंदा आता जमण्याजोगा होता.

अडचण मजकुराची होती. ‘स. न. वि. वि.’ने सुरुवात, मग ‘आमचे येथे’ काय काय मिळतं त्याची यादी, भाव, शेवटी ‘कळावे’. माल हवाच असलेल्या माणसाला एवढं पुरे. पण वस्तूची भीतीच वाटत असेल, तर?

लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे नेमकं असंच गिऱ्हाईक होतं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला गेले, सायकली विकल्या आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धास्ती. पहिले मोजके नांगर खपायला जवळपास दोन वर्षं गेली. भाव उतरवून ही धास्ती जाणार नव्हती. समजावून सांगणं भाग होतं.

१९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ ही पत्रिका निघू लागली. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, शिक्षणानं चित्रकार. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायची, हा मूळ हेतू. पण नांगराचं कौतुक दर महिन्याला कोण वाचणार? शेती, उद्योग, समाजसुधारणा असे विषय येत गेले, कारखान्याची जाहिरात मागे सरली. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गळली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. पुढं त्यात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये, ही मासिकंही याच घरातून निघाली. विक्रेत्याचं पत्रक म्हणून जन्मलेला कागद लोक वर्गणी भरून मागवू लागले होते.

निव्वळ जाहिरात आणि वाचण्याजोगा मजकूर यांतला फरक टपाल कायद्यालाही कळत होता. १८९८ च्या कायद्यानुसार वृत्तपत्राची सवलत हवी, तर अंकात मुख्यतः बातम्या किंवा चालू विषयांवरचे लेख लागत, खरे वर्गणीदार लागत आणि दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त खंड चालत नसे. जाहिराती असायला हरकत नव्हती. निव्वळ जाहिरातींच्या चोपडीला मात्र ती सवलत नव्हती.

मजकुराइतकाच महत्त्वाचा पत्ता; त्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृत कवी. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यांचा गोंधळ मिटावा, एवढ्यासाठी केलेली ही योजना विक्रेत्यांच्याही पथ्यावर पडली. ४०००८० म्हटलं की मुलुंड पश्चिम, ४०००९२ म्हटलं की बोरिवली पश्चिम; पत्त्यांच्या यादीतून वस्ती वेगळी काढता येऊ लागली. २००५ मध्ये टपाल खात्यानं ‘डायरेक्ट पोस्ट’ सुरू केलं, तेव्हा तर नावपत्त्याचीही गरज उरली नाही. ठरलेल्या भागात पोस्टमन घरोघर बिननावी पत्रकं टाकणार.

आता हे काम बहुतांशी मोबाइलवर होतं, आणि पत्र उघडण्याआधीच त्याची जात कळते. दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे २०२५ पासून व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढं एक अक्षर येतं: जाहिरातीला ‘पी’, सेवेच्या संदेशाला ‘एस’, व्यवहाराच्या संदेशाला ‘टी’, सरकारी संदेशाला ‘जी’. नको असलेले जाहिरातीचे संदेश १९०९ वर कळवून विषयवार बंद करता येतात. त्यामुळे घाटकोपरमध्ये घर शोधणारं कुटुंब बँका-विम्याच्या जाहिराती थांबवून घरांच्या तेवढ्या चालू ठेवू शकतं.