उतरणीची कमाई

शिरोली एमआयडीसीच्या फाटकातून रोज मालाचे ट्रक बाहेर पडतात. कोणात बिडाचे ओतीव भाग असतात, कोणात यंत्रावर कातून तयार झालेला माल. काही ट्रक पुण्याकडे निघतात, पुढे लोणावळ्याहून बोरघाट उतरून मुंबई गाठतात. काही पश्चिमेला वळतात आणि आंबा घाटाने किंवा गगनबावड्याच्या घाटाने कोकणात जातात. वाट कोणतीही धरा, देशावरच्या मालाला समुद्र गाठायचा तर घाट उतरावाच लागतो.

चढणीची काळजी सारेच करतात. इंजिन ओढील का, पाणी तापेल का, डिझेल किती लागेल, याची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते. उतरण आली की मात्र माणूस म्हणतो, "आता काय, गाडी आपोआप जाईल." आणि घात होतो तो नेमका तिथेच. म्हणून आजची गोष्ट उतरणीची.

आधी थोडा हिशेब मांडू. गुरुजींनी तो फळ्यावर घालून दाखवावा, मुलांना पटेल. एक टन ओझे ३६७ मीटर उंच उचलायला विजेचे एक युनिट खर्ची पडते. तेच ओझे खाली आले, की ते एक युनिट त्याला कोठेतरी टाकावेच लागते. आता भरलेला ट्रक सोळा टनांचा धरा आणि घाट पाचशे मीटरचा. सोळा गुणिले पाचशे, भागिले ३६७. उत्तर येते जवळजवळ २२ युनिटे. एक हजार वॅटची शेगडी सलग बावीस तास पेटवून ठेवली तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी हा ट्रक एका उतरणीत टाकतो. थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायरांत जाते. चालक जाणता असेल आणि गाडी खालच्या गियरात असेल, तर बरीचशी इंजिन खाऊन टाकते. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल, तर उरलेला सारा भार ब्रेकच्या ड्रमवर पडतो. ड्रम तापतो, लायनर धुरकटतो, आणि मग पाय कितीही दाबा, ब्रेक लागत नाही. चार पैशांचे डिझेल वाचवायला गेलेला माणूस गाडी, माल आणि जीव पणाला लावून बसतो.

हा प्रश्न आजचा नाही. बोरघाटात रेल्वे आली तेव्हापासूनचा आहे. तो इतिहास ऐकण्यासारखा आहे.

मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १८५३ साली धावली. पुढे सह्याद्री आडवा आला. बोरघाटातले काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात घाट खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढ. काही ठिकाणी तर ३७ फूट चालले की एक फूट वर. १८६१ च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांवर मजूर होते. पटकी-तापाने त्यांतले हजारो दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने तो ठेका पुढे चालवला.

घाट बांधून झाला, पण गाडी उतरवायची कशी? त्या काळी आजच्यासारखे साऱ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. ब्रेकच्या डब्यात माणसे उभी असत आणि हाताने चाक फिरवून ब्रेक आवळीत. वाटेत एक उलटे स्टेशन होते. तेथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढे जायची. १८६९ च्या जानेवारीत उतरणारी मेल गाडी आवरली नाही. ती या उलट्या स्टेशनात थांबलीच नाही, थेट टोकापलीकडे गेली.

अशा निसटलेल्या गाड्यांसाठी रेल्वेने एक युक्ती योजली. मुख्य मार्गाला एक फाटा काढायचा आणि तो डोंगराच्या अंगाला चढवत न्यायचा. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला. गाडी थांबली आणि ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाला लावायचा. ताब्याबाहेर गेलेली गाडी चढावर जाऊन थकेल. याला कॅच सायडिंग म्हणतात. युक्ती नामी खरी, पण ती संकट आल्यानंतरची. उतरणीची शक्ती तरीही लोखंडावर लोखंड घासून जळतच राहिली.

याच डोंगरात दुसरी एक घटना घडली. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी तलाव बांधले आणि ते पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले. १९१५ साली तेथे वीज तयार होऊ लागली. म्हणजे पाणी घाट उतरता उतरता वीज देऊ लागले, आणि शेजारच्याच उतरणीवर आगगाडी आपली शक्ती धुरात आणि ठिणग्यांत घालवीत होती. पाण्याला जे जमले ते गाडीला का जमू नये?

ते १९२९ साली जमले. त्या वर्षी कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आला, आणि त्याच सुमारास उलटे स्टेशन टाळून नवा मार्ग सुरू झाला. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली खास इंजिने आली. सुमारे २६०० अश्वशक्तीची, मध्ये सांधा असलेली, अंग हलवीत चालणारी. रेल्वेच्या माणसांनी त्यांना नाव ठेवले 'खेकडा'. या खेकड्यांची करामत अशी, की घाट चढताना त्यांची मोटर तारेतून वीज घेई, आणि उतरताना तीच मोटर जनित्र बनून वीज तारेत परत देई.

हे कसे घडते? सायकलचा डायनामो आठवा. तो चाकाला टेकवला, दिवा लागला, की पायडल जड होते. दिव्याला जाणारी शक्ती तुमच्या पायातून जाते. आता उतारावर पायडल मारूच नका. चाकच डायनामो फिरवील, दिवा लागेल आणि सायकल थोडी आवरली जाईल. वीज निर्माण करणे हाच येथे ब्रेक. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात.

आपला जुना हिशेब पुन्हा लावू. एक हजार टनांची मालगाडी १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर उतरली, तर सुमारे १,५०० युनिटांचा प्रश्न असतो. वाटेतली घट सोडली, तरी उरलेली वीज वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला हातभार लावू शकते. खाली येणारा वर जाणाऱ्याला हात देतो. मोटेच्या बैलांनी धावेवरून उतरताना विहिरीचे पाणी वर आणावे, तशातलाच हा प्रकार.

पण एक अट आहे, आणि ती ध्यानात ठेवा. देणारा आहे तसा घेणाराही हवा. तारेवर वीज घेणारे कोणी नसेल, तर मोटरचा ब्रेक ढिला पडतो, आणि मग डब्यांचे नेहमीचे ब्रेकच कामी येतात. म्हणून ते ब्रेक रेल्वेने कधी काढले नाहीत. खेकडा इंजिने नव्वदीच्या दशकापर्यंत टिकली. आज एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहायला मिळते. आजची नव्या पिढीची विद्युत इंजिनेही उतरणीची वीज तारेत परत देतात.

हीच विद्या आता मोटारीत आली आहे. प्लग-इन हायब्रिड म्हणजे जिला पेट्रोलचे इंजिनही आहे, आणि घरच्या प्लगवर भरता येते अशी मोठी बॅटरीही आहे. तिला तार नाही. तिची वीज घेणारी तिचीच बॅटरी. माणसांसह १,८०० किलोची मोटार पाचशे मीटर उतरली, तर हिशेबाने अडीच युनिटांच्या आतच येते. हाती त्यातले निम्मे लागले, तरी सहा-सात किलोमीटर सपाट रस्ता फुकटात निघतो.

मात्र खेकड्याची अट येथेही लागू आहे. घाटमाथ्यावर मुक्काम केला, रात्रभर बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी लगेच घाट उतरायला लागलात, तर वीज ठेवायची कोठे? भरल्या रांजणात पाणी मावत नाही. बॅटरी घेत नाही, मोटरचा ब्रेक नाहीसा होतो आणि भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. काही गाड्या अशा वेळी पेट्रोलचे इंजिन फिरवून त्याचा ब्रेक लावतात. आवाज वाढतो, गाडी बिघडली असे समजू नये. तेव्हा पुढे घाट उतरायचा असेल, तर बॅटरीत थोडी जागा राखा. बॅटरीची शक्ती चढणीवर खर्चा, उतरणीवर परत मिळवा. जास्त आवरणारा गियर माथ्यावरच लावा, वेग माथ्यावरच कमी करा. आणि गाडी नवी असो वा जुनी, न्यूट्रलमध्ये कधी सोडू नका.

ट्रकचालक बंधूंसाठी तर जुना नियमच सोन्याचा आहे: ज्या गियरात घाट चढाल, त्याच गियरात उतरा. शिक्षकांनी डायनामोचा प्रयोग वर्गात जरूर करावा, आणि त्याबरोबर १८६९ ची ती न थांबलेली मेलही मुलांना सांगावी. त्यांच्यातलेच कोणी उद्या शिरोलीचा माल घेऊन घाट उतरणार आहेत.