बाळगोळी : गिरणगावातील तान्ही मुले आणि गिरणीचे घड्याळ

१/ गिरणगावाचा इतिहास बहुधा संपांचा, मोर्चांचा आणि शाहिरांचा म्हणून सांगितला जातो. त्याच गिरणगावात रोज पहाटे भोंग्याबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहत असे. आई कामावर गेली की तान्ह्याकडे आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलाकडे पाहायचे कोणी? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ काळ १९२० च्या दशकाचा. मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत सूत गुंडाळण्याचे काम करीत. १९२२ पासून लागू झालेल्या कायद्याने कामाची मर्यादा घातली, तीही दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास.

३/ या स्त्रियांची मजुरी बहुतांशी कामाच्या मापावर ठरे. घरचा स्वयंपाक उरकून थोडे उशिरा येण्याची मुभा काही खात्यांत मिळत असे. पण जितका वेळ कमी, तितके सूत कमी आणि तितकेच पैसे कमी. तान्ह्याला पाजण्यासाठी काढलेल्या वेळाची किंमत अशी थेट पगारातून वजा होई.

४/ घर म्हणजे चाळीतील एक खोली. शहराची निम्म्याहून अधिक वस्ती अशा एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. तिथेच चूल, तिथेच मोरी, तिथेच पाळणा. रांगणाऱ्या, दुडदुडणाऱ्या मुलाला चुलीपासून आणि चाळीच्या जिन्यापासून दूर ठेवायला सतत कोणाची तरी नजर हवी असे.

५/ गावी ही नजर आजीची, जावेची, नणंदेची असे. कोकणातून आणि देशावरून मुंबईत आलेल्या कुटुंबाची ती माणसे बहुधा गावीच राहिलेली असत. मग सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर तान्हे येई आणि तिच्या बोटाला मधले मूल. तीही नसेल, तर शेजारीण. आणि शेजारीणही कामावर जाणारी असेल, तर बाळगोळी.

६/ येथे दोन शब्दांत गल्लत होऊ नये. बाळगुटी म्हणजे वेखंड, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग वगैरे सहाणेवर उगाळून बाळाला चाटवण्याचे घरगुती औषध. बाळगोळी ही अफूची बारीक गोळी. ती दिली की मूल तासन्‌तास झोपून राही. नावांत दोन अक्षरांचा फरक, परिणामांत जीवनमरणाचा.

७/ अफूने भूक मरते आणि बद्धकोष्ठ होतो. गुंगीतले मूल दूध कमी पिते, हळूहळू रोडावते आणि साध्या आजारालाही बळी पडते. मात्रा थोडी अधिक झाली तर श्वासच मंदावतो. तरीही हा माल चोरटा नव्हता. सरकारी परवान्याच्या दुकानांतून अफू उघड विकली जाई आणि तिचे अबकारी उत्पन्न सरकारी तिजोरीत जमा होई.

८/ मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली होती. १९२२ मध्ये त्यांनी मांडलेला आकडा पुढे अनेकदा उद्धृत झाला : कामगार स्त्रियांच्या १०० अर्भकांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जाते.

९/ त्याच सुमाराचा दुसरा आकडा मृत्यूंचा. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६५० हून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण ८०० च्याही वर होते. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत ते १५० च्या आत होते.

१०/ असा आकडा वाचताना थांबावे लागते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्म गावात नोंदला जाई. मूल मुंबईत आणल्यावर दगावले तर मृत्यू मात्र मुंबईत. त्यामुळे शहराचे प्रमाण प्रत्यक्षाहून फुगलेले दिसते. एका खोलीत राहणाऱ्यांच्या बाबतीत हा फुगवटा अधिकच असणार. तो वजा केला तरी उरते ते भयंकरच.

११/ त्या काळच्या अनेक सुशिक्षितांनी दोष आईच्या अज्ञानाला दिला. उपाय म्हणून व्याख्याने आणि उपदेश सुचवले गेले. पण अफू देणारी आई खरोखर केवळ अज्ञानी होती का? याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईहून लँकेशायरला जावे लागते. कापड गिरण्यांचे हे जीवन तेथे आधीच जगून झाले होते.

१२/ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणी गावांतही बाळांना गुंगीचे औषध पाजत. त्याचे नाव गॉडफ्रीज कॉर्डियल. काकवीसारख्या गोड पाकात मिसळलेली अफू. तेथे ना चाळ होती, ना हिंदुस्थानी रूढी. समान होते ते एवढेच : दिवसभर गिरणीत अडकलेली आई.

१३/ पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरचा कापूस तुटला. याच तुटवड्यावर मुंबईचे कापूस व्यापारी गबर झाले. तिकडे गिरण्या बंद पडून उपासमार आली, पण डॉ. एडवर्ड स्मिथ यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. घरी बसलेल्या आयांना आता मुलांना अंगावर पाजायला वेळ होता आणि गॉडफ्रीज कॉर्डियल मागे पडले होते. कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथात या निरीक्षणाची दखल घेतली आहे.

१४/ म्हणजे आयांना उपदेशाने नव्हे, वेळ मिळाल्याने अफू सोडता आली. हाच धागा १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आला. आर. एस. आसवले यांनी गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक मांडले. मालकांच्या बाजूने आक्षेप आला तो खर्चाचा.

१५/ विधेयकाच्या समर्थनार्थ २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोककल्याणाचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

१६/ हे भाषण करणारा गृहस्थ परळच्या बीआयटी चाळीत राहत होता. रमाबाई आणि बाबासाहेब यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. एकटे यशवंत जगले. मूल गमावणे म्हणजे काय, हे त्यांना अहवालात वाचावे लागले नव्हते.

१७/ १९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा. प्रसूतीपूर्वी ३ आणि नंतर ४ आठवडे, दिवसाला ८ आणे. एकूण ४९ दिवसांचे २४ रुपये ८ आणे. रक्कम लहान होती. पण तान्ह्याला पाजण्याचा वेळ प्रथमच कोणीतरी मोजला आणि त्याचे मोल दिले.

१८/ तान्ह्याला चार आठवडे मिळाले. दुडदुडणाऱ्या भावंडाचे काय? १९३४ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने अशा कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले.

१९/ कथा येथे गोड होत नाही. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटतच गेले. यंत्रांची फेररचना हे एक कारण. भत्ता आणि पाळणाघर यांचा खर्च टाळण्यासाठी स्त्रियांनाच कामावर न घेणे, हे दुसरे. काहींना हक्क मिळाला, अनेकींची नोकरीच गेली.

२०/ आज संघटित क्षेत्रात प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे. मात्र उसाच्या फडात झाडाला किंवा गाडीला झोळी बांधून कोयता हाती घेणाऱ्या आईला ती मिळत नाही. झोळीत तान्हे असते आणि शेजारी मातीत बसलेले मोठे भावंड झोळीची दोरी ओढत असते. भोंगा बंद झाला. भोंग्यासरशी उभा राहणारा प्रश्न तसाच आहे.