वाचनद्वारा शब्दशिक्षण

शालेय विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह वर्गातील वाचनाच्या आधारे, म्हणजे शब्द ज्या वाक्यात आला त्या वाक्याच्या संदर्भासह, वाढविण्याची अध्यापनपद्धती. शब्दार्थ वहीत उतरवून घेऊन ते घोकण्याच्या रूढ प्रघाताहून ही निराळी असून, अर्थाचा शोध तीत प्रथम विद्यार्थी घेतो आणि शिक्षकाची वा कोशाची साक्ष मागाहून काढली जाते.

मराठीत शालेय वाचनपुस्तकांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली सरकारी क्रमिक पुस्तके सिद्ध झाली. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ संकलित करून प्राचीन कवितेचे शब्दभांडार विद्यार्थ्यांपुढे ठेवले. आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठाला ती गोडी आणली, जिच्यावाचून मूल कोणताही पाठ आपण होऊन दुसऱ्यांदा उघडत नाही.

पुणे–नगर हमरस्त्यावरील, पारनेर तालुक्यातल्या सुपा या गावासारख्या (बारामतीनजीकचे सुपे वेगळे) ठिकाणी या पद्धतीचे मर्म विशेष स्पष्ट होते. पर्जन्यछायेतील या मुलखात जिरायत, बागायत, फेरफार हे दप्तरी शब्द शेतकऱ्याच्या मुलाच्या कानी शाळेच्या आधीच पडलेले असतात. ‘अवर्षण’ मात्र त्याला बहुधा पुस्तकातच भेटते. ‘सलग दोन वर्षांच्या अवर्षणाने विहिरींनी तळ गाठला व गुरे छावणीत न्यावी लागली’ हे वाक्य शिक्षकाने प्रकट वाचून ‘विहिरी कशाने आटल्या?’ एवढेच विचारावे; ‘पाऊसच झाला नाही’ हे उत्तर देण्यास येथील मुलाला कोशाची गरज नसते, आणि मग वर्षा, वर्षाव हे त्याचे सोयरे शब्द फळ्यावर मांडणे सोपे जाते. उलट ‘अवर्षण म्हणजे दुष्काळ’ असे लिहून दिले की कारण आणि परिणाम यांतील भेद कायमचा बुजतो. असे ढोबळ समानार्थ मार्गदर्शकांत सर्रास आढळतात.

पद्धतीला मर्यादाही आहेत. नेगी, हर्मन व अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली दाखविले की, संदर्भातून एकाच भेटीत शब्द आत्मसात होण्याची शक्यता अल्प असते. लाभ होतो तो वाचन विपुल असल्यास. शिवाय संदर्भ कधी फसवा असतो, आणि औद्योगिक वसाहतींच्या परिसरात, जेथे मराठी ही घरची भाषा नसलेली मुलेही वर्गात येतात, तेथे अर्थ आधी उलगडून सांगणेच श्रेयस्कर ठरते.

शब्दाच्या पुनर्भेटीस एकटे पाठ्यपुस्तक पुरे पडत नाही. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीने १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालविले आहे. शाळांनी त्याचे अंक कपाटात कुलूपबंद न ठेवता वर्गात वाचावयास द्यावेत.