पूर्णांकाची रुंदी : संगणकीय भाषांमधील देवाणघेवाण

एका संगणकीय भाषेतून दुसरीत जाताना पूर्णांकाची किंमत बिघडते, तेव्हा दोष बहुधा गणिताचा नसून न ठरवलेल्या रुंदीचा असतो. जावातील ‘लाँग’ नेहमी ६४ बिटांचा असतो. सी भाषेतील ‘लाँग’ मात्र ६४-बिट लिनक्सवर ६४, तर विंडोजवर ३२ बिटांचाच असतो. नाव सारखे असूनही २१४७४८३६४८ ही संख्या तेथे ऋण वाचली जाऊ शकते. लहान संख्यांची चाचणी यशस्वी झाल्यास काळजीचे कारण नाही, असा आक्षेप घेतला जातो. परंतु लहान संख्या दोन्ही रुंदींत मावतात, म्हणून अशी चाचणी दोष उघड करत नाही. तपास कमाल व किमान मर्यादांजवळच्या संख्यांनी करावा. सीच्या १९९९च्या मानकाने निश्चित रुंदीचे पूर्णांक प्रकार दिले आहेत. भाषांच्या सीमेवर तेच वापरणे हा खात्रीचा उपाय होय.