‘वांझ’पासून ‘पीसीओडी’पर्यंत : एका नावाचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांनी रोगांच्या नावांकडे कशासाठी वळावे, असे कुणी विचारील. नाव देणे हा भाषेचा व्यवहार आहे आणि बाईच्या शरीराबाबत तो क्वचितच निर्दोष राहिला आहे, एवढेच कारण आम्हांस पुरेसे वाटते.

घरगुती मराठीत पाळीसाठी ‘कावळा शिवणे’, ‘बाहेर बसणे’, ‘अडचण’ असे आडपडद्याचे शब्द होते. पाळी चुकत राहण्यामागचे दुखणे त्या पडद्याआडच राहिले. मूल झाले नाही, की ‘वांझ’ हा शब्द मात्र उघडपणे बाईला चिकटे. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, तेव्हा या विषयांवर मराठीत छापील बोलणे हेच धाडस होते.

‘समाजस्वास्थ्य’ चालू असतानाच, १९३५ साली, शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित वा बंद, अंगावर जादा केस, वाढलेली अंडाशये. त्यांनी अंडाशयाचा काही भाग कापून काढला. पाळी परतली, दोघींना दिवस गेले. रोगाचे घर अंडाशय असेच ठरले आणि ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ हे नावही त्याच समजुतीतून रूढ झाले. वस्तुतः त्या ‘गाठी’ म्हणजे पूर्ण न वाढलेली बीजकोशिका. १९८० पासून संशोधकांना अशा स्त्रियांच्या रक्तात जादा इन्सुलिन आढळू लागले. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, त्याचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके अधिक तयार होतात. विकार घराण्यात उतरतो, पण एकाच जनुकाकडे बोट दाखविता येत नाही. म्हणजे प्रश्न साऱ्या चयापचयाचा होता.

व्याख्येचेही तसेच. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन लक्षणे पुरतात : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, सोनोग्राफीत दिसणारी अंडाशयाची ठेवण. २००६ च्या दुसऱ्या व्याख्येने संप्रेरकांचे आधिक्य अनिवार्य केले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या मापाने २२.५ टक्के मुलींत विकार आढळला, दुसऱ्याने १०.७ टक्क्यांत. मुली त्याच, शहर तेच; व्याख्या बदलताच निम्म्याहून अधिक मुली यादीबाहेर गेल्या.

आज अंधेरी-बोरिवलीच्या किंवा मुलुंड-घाटकोपरच्या लोकलमध्ये, महिलांच्या डब्यात, ‘पीसीओडी’ हा शब्द सहज कानी पडतो. कुजबुज संपली, हे चांगलेच झाले. परंतु स्थळे पाहणे सुरू झाले, की तोच शब्द घरात दडविला जातो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ अजून ‘मूल होणार नाही’ असाच उमटतो. वास्तविक यांतील अनेकींना उपचारांनी मूल होते. आणि ज्या मधुमेहाचा धोका आयुष्यभर राहतो, त्याची रक्ततपासणी मूल झाल्यावर विसरली जाते.

२०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदलावे, अशी शिफारस केली. वैद्यकाला ही चूक कळावयास पाऊणशे वर्षे लागली. ‘वांझ’ शब्द आपण लिखाणातून बहुतांशी हद्दपार केला. त्याचा अर्थ मात्र नव्या इंग्रजी आद्याक्षरांत येऊन राहिला आहे. तो तेथून काढणे हे डॉक्टरांचे एकट्याचे काम नव्हे. भाषा शिकविणाऱ्या आपणा सर्वांचेही आहे.