केशवराव भोसले : गळा आणि भूमिका

फ्रेंच संगीत नाटकांत गळ्यावरून भूमिका ठरते. खर्जाचा गायक बहुधा राजा, पुरोहित वा सैतान व्हावयाचा; पोल प्लांसाँ (१८५१–१९१४) 'फाउस्ट'मधील सैतानाच्या भूमिकेनेच गाजला. आमच्या रंगभूमीवर नायक-नायिका दोघांसही चढा स्वर लागे. म्हणूनच कोल्हापूरचे केशवराव भोसले (जन्म १८९०) बालपणी शारदा आणि पुढे धैर्यधर होऊ शकले. १९०८ साली त्यांनी 'ललितकलादर्श' मंडळी स्थापिली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ते उभे राहिले. ४ ऑक्टोबरास, अवघ्या एकतीस वर्षांचे असता, निवर्तले. त्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, जयंतीच्या पूर्वसंध्येस, जळाले. भिंती पुन्हा उभारता येतात. परंतु तेथे नव्या गळ्यास वाव मिळेल तरच ते स्मारक खरे, असे आम्हांस वाटते.